तीन नॉर्मल रिपोर्ट आणि तळपायाची जखम

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात वेगवेगळ्या रुग्णांत दिसणाऱ्या गोष्टी इथे एका बाईंच्या पायांवर एकत्र आणल्या आहेत. तपासण्या आणि त्यांच्या सीमारेषांचे आकडे मात्र प्रत्यक्षात वापरले जातात तेच आहेत.

पहिली भेट

बाई ५२ वर्षांच्या, माध्यमिक शाळेत शिक्षिका. टाइप २ मधुमेह नऊ वर्षं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी पहिल्यापासून, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज) ८.४ टक्के. तक्रार एकच आणि ती त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगितली: रात्री पायांची आग होते. दिवसभर वर्गात उभ्या असतात तेव्हा फारसं जाणवत नाही. अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. मधूनच करंट लागल्यासारखी कळ जाते, आणि चादर बोटांना घासली तरी पाय ओढून घ्यावासा वाटतो.

सोबतच्या फाइलमध्ये तीन रिपोर्ट होते. पहिला एका तपासणी शिबिरातला, बायोथिसिओमीटर या कंपन मोजणाऱ्या यंत्राचा: उजवा अंगठा ११ व्होल्ट, डावा १२, शेरा ‘नॉर्मल’. दुसरा मोनोफिलामेंटचा, म्हणजे त्वचेला टेकवायच्या नायलॉनच्या तंतूचा: दोन्ही तळपायांवर सगळीकडे जाणवतं, शेरा तोच. तिसरा नर्व्ह कंडक्शन स्टडीचा, म्हणजे नसेतून विजेचा संदेश कसा जातो ते मोजण्याचा; रुग्ण त्याला एनसीव्ही म्हणून ओळखतात. त्यातही सगळे आकडे हद्दीत. या तिन्हींच्या जोरावर बाईंना सांगण्यात आलं होतं की नसा ठणठणीत आहेत, हे मनाचं तरी असावं नाहीतर पाळी जाण्याच्या वयाचं. झोपेची गोळी मिळाली होती.

तिन्ही रिपोर्ट खरे होते, कुणी चुकीचं मोजलं नव्हतं. घोटाळा होता तो त्यांवरून काढलेल्या निष्कर्षात. तिन्ही तपासण्या एकाच जातीच्या चेतातंतूंची चौकशी करत होत्या आणि दुसऱ्या जातीला कुणी विचारलंच नव्हतं.

पायातले संवेदना नेणारे तंतू ढोबळमानाने दोन जातींचे. जाड वेष्टनाचे मोठे तंतू स्पर्श, दाब, कंपन आणि सांध्याची स्थिती कळवतात. बारीक तंतूंवर वेष्टन पातळ असतं किंवा नसतंच. टोचणं, थंड, गरम, दुखणं हे त्यांचं काम, आणि घाम व त्वचेतला रक्तप्रवाहही अशाच बारीक तंतूंच्या ताब्यात. मधुमेहात दोन्ही बिघडतात, पण बरोबरीने बिघडतील असं नाही, आणि बऱ्याच जणांत बारीक तंतू आधी कुरकुर करू लागतात. आग, करंट, चादर सहन न होणं ही त्यांचीच भाषा. बायोथिसिओमीटर कंपन मोजतो, मोनोफिलामेंट दाब. नर्व्ह कंडक्शनमध्ये तर सर्वांत वेगवान मोठ्या तंतूंचाच संदेश पकडला जातो. हमरस्त्यावरची वाहतूक मोजून गल्लीबोळ मोकळे आहेत असं म्हणण्यासारखं ते झालं. यंत्र महाग आणि आलेख देखणा असला की त्याच्या शब्दापुढे रुग्णाचा शब्द फिका पडतो, हे मात्र वारंवार दिसतं.

त्यामुळे पहिल्या भेटीत आम्ही यंत्रांच्या वाटेला गेलोच नाही. एकदाच वापरून टाकायची तपासणी-सुई अंगठ्याच्या नखामागे टेकवली आणि विचारलं, टोचतंय की नुसतं लागतंय? दोन्ही पायांवर उत्तर ‘नुसतं लागतंय’. तीच सुई नडगीच्या मध्यावर लगेच टोचली. मग ट्यूनिंग फोर्कचा (ठोकल्यावर कंप पावणाऱ्या चिमट्याचा) थंडगार धातू पावलावर ठेवला. बोटांजवळ थंडपणा कळला नाही, घोट्याच्या वर कळला. कंपन शाबूत, घोट्याचे प्रतिक्षेप (हातोडी मारल्यावर पावलाला आपोआप बसणारा झटका) शाबूत. न्यूरोपॅथी म्हणजे चेतातंतूंचा बिघाड; तो मोजणाऱ्या न्यूरोपॅथी डिसॅबिलिटी स्कोअरमध्ये प्रत्येक पायाला टोचणं, तापमान आणि कंपन न कळण्याचा एकेक गुण आणि घोट्याचा प्रतिक्षेप गेल्याचे दोन गुण असतात; एकूण दहा. बाईंचे झाले चार. तीन ते पाच म्हणजे सौम्य बिघाड.

दुखण्याची जात ठरवायला डीएन४ ही प्रश्नावली घेतली. ती फ्रान्समधल्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केली: विचारायच्या सात गोष्टी, तपासायच्या तीन, दहापैकी चार किंवा जास्त गुण आले तर वेदना चेतातंतूंची असण्याची शक्यता बरीच. बाईंचे सहा. इथे एक सावधगिरी हवी. डीएन४ वेदनेची जात सांगते, कारण सांगत नाही. ते मधुमेहच आहे हे ठरवण्याआधी बी१२, थायरॉइड, किडनीचं काम आणि रक्तातली प्रथिनं पाहिली, मद्यपान विचारलं, आधीची औषधं विचारली. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ उतरतं, म्हणून ते सोडून चालत नाही. तेव्हा ते ३१० होतं, बाकीही ठीक.

बाईंच्या भावाने इंटरनेटवर वाचून त्वचेच्या बायोप्सीबद्दल विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. बारीक तंतूंचा प्रत्यक्ष पुरावा तिथेच मिळतो: बाहेरच्या घोट्याच्या १० सेंटिमीटर वरून ३ मिलिमीटरचा तुकडा काढतात, विशिष्ट रंगद्रव्याने तंतू उठून दिसतील असे करतात आणि त्वचेच्या वरच्या थरात प्रत्येक मिलिमीटरला किती तंतू शिरतात ते मोजून वय आणि लिंगाप्रमाणे ताडून पाहतात. डोळ्याच्या बुबुळावरचे तंतू विशेष सूक्ष्मदर्शकाने, काहीही न कापता, मोजायची पद्धतही आहे. संशोधनात तिला मान आहे, रोजच्या दवाखान्यात ती क्वचित सापडते. आम्ही बायोप्सी केली नाही. मधुमेह नऊ वर्षांचा, दोन्ही पायांत सारखं आणि बोटांपासून सुरू झालेलं दुखणं, टोचणं-तापमान गेलेलं, दुसरं कारण नाही. उत्तर काहीही आलं तरी उपचार बदलणार नव्हते, आणि मधुमेही पायावर विनाकारण जखम कशाला? लक्षणं एकाच पायात असती, झपाट्याने वाढली असती किंवा संवेदनेपेक्षा ताकद आधी गेली असती, तर मात्र वेगळा विचार करावा लागला असता, आणि तेव्हा नर्व्ह कंडक्शन हीच पहिली तपासणी ठरली असती. त्या यंत्राचा खरा उपयोग नेमका अशा अवघड रुग्णांत आहे.

घामाची एक चाचणी केली, मुख्यतः बाईंना स्वतःच्या डोळ्यांनी काही दिसावं म्हणून. कोबाल्टचा क्षार असलेली निळी पट्टी तळपायाला १० मिनिटं चिकटवायची; पुरेसा घाम असेल तर ती गुलाबी होते. त्यांच्या पट्टीवर निळे डाग राहिले. ‘म्हणजे मी खोटं बोलत नव्हते,’ त्या म्हणाल्या.

वेदनेसाठी रात्रीचं औषध सुरू झालं, शुगर आवरायचं ठरलं आणि वर्षातून एकदा पाय तपासायला यायचं ठरलं. हे शेवटचं घडलं नाही.

दुसरी भेट

चार वर्षांनी त्या आल्या त्या मुलीच्या आग्रहाने. मोज्यावर तपकिरी डाग दिसला होता. पायांचं विचारल्यावर उत्तर आलं, ‘आग तर कधीच थांबली. गोळीही बंद केली. बरं वाटायला लागलं म्हणून आलेच नाही.’

हे वाक्य पायांच्या दवाखान्यात ऐकलं की बूट-मोजे लगेच उतरवायला सांगावेत. आग थांबण्याची कारणं दोन: तंतू सावरले, किंवा ओरडायला तंतूच उरले नाहीत. वेदनेच्या आठवणीवरून यातलं कुठलं ते ठरवता येत नाही, तपासूनच कळतं. शिवाय मधुमेही न्यूरोपॅथी असलेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना काहीच त्रास जाणवत नसतो, असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या २०१७ च्या निवेदनात नोंदलं आहे. टाइप २ मध्ये निदानापासून आणि टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांपासून दरवर्षी पाय तपासा, हा त्याच निवेदनातला सल्ला त्यामुळेच तक्रारीची वाट पाहत नाही.

पाय उघडा केल्यावर दिसलं ते असं. त्वचा कोरडी, टाचा भेगाळलेल्या. बोटं पंजाच्या नख्यांसारखी वाकलेली, कारण पावलातले छोटे स्नायूही चेतातंतूंवरच जगतात. उजव्या अंगठ्यामागच्या उशीवर जाड घट्टा आणि घट्ट्याच्या मधोमध काळपट ठिपका. बूट नवे होते आणि पायापेक्षा स्पष्टपणे आखूड. बधिर पायाला योग्य मापाचा बूट सैल वाटतो, घट्ट बसला की मगच घातल्यासारखा वाटतो. बाईंनी दुकानात दोन मापं घालून पाहून लहान माप निवडलं होतं.

घट्टा तासल्यावर खाली ६ मिलिमीटरची जखम निघाली. उथळ होती, तपासणीची सळई जखमेतून हाडाला लागली नाही, पसरलेला संसर्ग नव्हता.

मुलीने फाइलमधून आदल्या वर्षीच्या शिबिराचा कागद काढला. मोनोफिलामेंट, दहाच्या दहा ठिकाणी जाणवतं, ‘नॉर्मल’. आम्ही त्याच दिवशी केलेल्या तपासणीत सहा ठिकाणांपैकी एकच कळलं. वर्षभरात इतकी घसरण होणं अशक्य नाही, पण संभव कमी. म्हणून शिबिरात नेमकं काय झालं होतं ते बाईंना सविस्तर विचारलं.

त्यांच्या सांगण्यावरून चित्र असं उभं राहिलं: लांब रांग, एकच मोनोफिलामेंट, तपासणारी मुलगी प्रत्येक वेळी ‘आता समजतंय ना?’ विचारत होती, आणि बाईंना तिचा हात दिसत होता. शिक्षिका असल्याने त्यांनी चांगल्या विद्यार्थ्यासारखी सगळी उत्तरं बरोबर दिली.

मोनोफिलामेंट हे साधं हत्यार आहे, म्हणून ते निष्काळजीपणे वापरलं जातं. नायलॉनचा तंतू त्वचेला काटकोनात टेकवून दाबला की १० ग्रॅम दाबाला वाकतो, बस्स एवढंच. पण हे ‘एवढंच’ नीट करायला शिस्त लागते. आधी हातावर टेकवून दाखवायचं, म्हणजे काय जाणवायला हवं ते रुग्णाला कळतं. मग डोळे मिटायला सांगायचे. अंगठ्याचा तळ, पहिल्या आणि पाचव्या बोटामागची उशी, दोन्ही पायांवर. टेकवणं, वाकवणं, उचलणं मिळून दोनेक सेकंद. घासायचं नाही, झटका द्यायचा नाही. घट्ट्यावर, व्रणावर, जखमेवर टेकवायचं नाही, कडेला टेकवायचं. प्रत्येक ठिकाणी दोनदा खरं आणि एकदा खोटं, म्हणजे तंतू न टेकवताच विचारायचं. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या ठिकाणी संरक्षक संवेदना, म्हणजे इजेपासून वाचवण्याइतकी संवेदना, आहे. ‘समजतंय ना’ असं विचारायचं नाही. ‘टेकवलं का?’ आणि ‘कुठे?’ एवढंच विचारायचं. बाईंना खोट्या वेळी विचारलं तेव्हाही त्या ‘हो, डाव्या अंगठ्याला’ म्हणाल्या. तिथेच शिबिराच्या कागदाचा उलगडा झाला.

हा नायलॉनचा तंतूही थकतो. वाकून वाकून तो मऊ पडतो आणि १० ग्रॅमच्या आधीच वाकायला लागतो. सुमारे दहा रुग्णांनंतर त्याला दिवसभर विश्रांती द्यावी, अशी शिफारस मोजमापांवर आधारलेली आहे. वेगवेगळ्या बनावटीच्या तंतूंचा दाबही सारखा नसतो. मऊ तंतू मात्र बाईंच्या बाबतीत दोषी धरता येत नाही, कारण मऊ तंतूने उलट जास्त ठिकाणं बधिर दिसली असती. इथे दोष विचारण्याचा होता.

आणखी एक गोष्ट पहिल्या भेटीतल्या ‘नॉर्मल’ मोनोफिलामेंटला लागू पडते. त्वचेचा स्पर्श मोजायला माक्स फॉन फ्राय घोड्याचे केस वापरत, त्यांच्या जागी नायलॉनचे तंतू आणले सेम्स आणि वाइनस्टाइन यांनी. पायासाठी १० ग्रॅमची सीमा आली ती अमेरिकेतल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग केंद्रातून. बर्क आणि सिम्स यांचं त्यावरचं काम १९८६ मध्ये प्रसिद्ध झालं. कुष्ठरोग आणि मधुमेह, दोन्हींत पायाला न कळत जखमा होतात, आणि जखम झालेले पाय व सुरक्षित पाय यांच्यात रेघ कुठे ओढता येते, हे त्यांनी शोधलं. म्हणजे हा तंतू जखमेचा धोका सांगायला आला, न्यूरोपॅथीची सुरुवात पकडायला नाही. तो कळला नाही म्हणजे बरंच काही गेलेलं असतं. तो कळला म्हणजे काही गेलेलं नाही, असा अर्थ निघत नाही. पहिल्या भेटीत बाईंचा बिघाड त्याच्या जाळ्यातून निसटला यात तंतूचा काही दोष नाही. त्याच्याकडून नको ते काम करून घेतलं गेलं.

बाकीच्या तपासण्या झटपट. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर: कंप कळला नाही, नुसता स्पर्श कळला. (न वाजवलेला फोर्कही एकदा ठेवून पाहावा, नाहीतर स्पर्शालाच कंप समजून ‘हो’ येतं.) बायोथिसिओमीटर: उजवा ३२ व्होल्ट, डावा २९. २५ व्होल्टच्या वर गेलं की जखमेचा धोका बराच वाढतो, हे पाठपुराव्यातून सिद्ध झालेलं आहे. घोट्याचे प्रतिक्षेप बाईंना दोन्ही हात एकमेकांत अडकवून ओढायला लावल्यावरच मिळाले, त्याचा प्रत्येक पायाला एकेक गुण. स्कोअर दहापैकी आठ. उभं राहिल्यावर रक्तदाब वरचा २४ ने उतरला. २० किंवा जास्त उतरला तर स्वायत्त तंतूंकडे (रक्तदाब, घाम अशी आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या) पाहावं लागतं, आणि सकाळी उठताना चक्कर येते का हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. येत होती. पायाच्या नाड्या लागत होत्या. पायाचा रक्तपुरवठा दाखवणारं घोटा-दंड रक्तदाबाचं गुणोत्तर १.०५, म्हणजे चांगलं होतं, पण मधुमेहात धमन्या चुन्याने कडक होऊन हा आकडा फसवा चांगला येऊ शकतो, म्हणून अंगठ्याचा रक्तदाबही मोजला. तोही पुरेसा निघाला. नर्व्ह कंडक्शन पुन्हा केली नाही. मुलीने दोनदा विचारलं तरी केली नाही. जी गोष्ट सुई, फोर्क आणि तंतूने उघड दिसते तिच्यासाठी यंत्राचा आलेख कशाला.

बी१२ मात्र आता १७० निघालं. मधल्या काळात मेटफॉर्मिनचा डोस वाढला होता आणि कुणी बी१२ पाहिलं नव्हतं. कंपनाची संवेदना बी१२ च्या कमतरतेतही जाते, त्यामुळे या बिघाडातला किती वाटा मधुमेहाचा आणि किती बी१२ चा, हे काटेकोर वेगळं करता येत नाही. बी१२ ची इंजेक्शनं सुरू केली कारण तो वाटा भरून येण्याची आशा असते. ‘नसांच्या’ म्हणून मिळणाऱ्या मिश्र गोळ्या मनाने घेऊ नका असंही सांगितलं. त्यांतलं बी६ मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच न्यूरोपॅथी होते.

जखमेसाठी गुडघ्यापर्यंतचं, रुग्णाला काढता न येणारं दाब हलवणारं प्लास्टर दिलं. बधिर पायाच्या तळव्यावरच्या जखमेला मलमापेक्षा हेच बरं करतं, आणि ‘काढता न येणारं’ हा त्यातला महत्त्वाचा भाग: दुखत नसल्याने रुग्ण काढता येणारं साधन घरात घालतच नाही. जखम भरली.

पुढची सोय

मधुमेही पायांच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या वर्गवारीत संवेदना शाबूत आणि रक्तपुरवठा चांगला असेल तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. संरक्षक संवेदना गेली की सहा ते बारा महिन्यांनी, सोबत वाकडी बोटं किंवा रक्तपुरवठ्याची अडचण असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. एकदा जखम होऊन गेली की एक ते तीन महिन्यांनी, कायमचं. बाई चार वर्षांत पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर आल्या. मधल्या दोन पायऱ्यांवर त्यांना कुणीतरी गाठायला हवं होतं.

आता त्यांच्या फाइलमध्ये ‘नॉर्मल’ हा शेरा कुणी लिहीत नाही. उपकरण, ठिकाण, बाजू आणि आकडा, एवढंच.

घरासाठी दोन गोष्टी मुलीला शिकवल्या. एक, इप्सविच स्पर्श चाचणी, इंग्लंडमधल्या त्या गावच्या रुग्णालयातून आलेली: तर्जनीचं टोक पायाच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या टोकाला हलकेच, एक-दोन सेकंद, दाबायचं नाही, थोपटायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त कळलं नाही तर पाय धोक्यात. बाईंच्या बाबतीत निकाल आधीच माहीत होता. ही चाचणी मुलीने वडिलांवर करावी म्हणून शिकवली, त्यांनाही मधुमेह आहे आणि ते कधी पाय दाखवायला आलेले नाहीत. दुसरी गोष्ट बाईंसाठी: त्वचेचं तापमान घेणारा इन्फ्रारेड थर्मामीटर. रोज दोन्ही पायांवर त्याच त्याच ठिकाणी मोजायचं, आणि लागोपाठ दोन दिवस एक बाजू दुसरीपेक्षा २.२ अंश सेल्सिअसहून जास्त गरम असेल तर चालणं कमी करून कळवायचं. बधिर पाय दुखून सांगत नाही, पण तापून सांगतो.

पहिल्या काही आठवड्यांत वहीतले आकडे शांत होते. मग डाव्या पाचव्या बोटामागे दोन दिवस २.५ चा फरक आला आणि मुलीने फोन केला, ‘आईला दिसत तर काहीच नाहीये, तरी आणू का?’ आणायला सांगितलं. पायावर खरंच काही नव्हतं: लाली नाही, घट्टा नाही, सूज नाही. नव्या चपलेचा पट्टा तिथून जात होता. पट्टा हलवून घेतला, दोन दिवस चालणं कमी ठेवलं, आकडा उतरला. तो पट्ट्याचा दाब होता की तापमानाचा नुसता चढउतार, हे ठामपणे सांगता येणार नाही. वहीत दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या आहेत.